करडा चौकोन

ताई नेमकं काय काम करते हे तिच्या नात्यातल्या कुणालाच कधी धड कळलं नाही. "खुर्चीत बसून टीव्ही बघते आणि त्याचा पगार घेते," असं तिची मावशी चारचौघांत सांगायची, आणि ताईने ते कधी खोडून काढलं नाही. खोडायचं म्हणजे मावशीला आधी हे समजवावं लागलं असतं की संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर तीन मजली उंचीचं एक यंत्र आहे, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा ते माग काढतं, त्याचे शेकडो भाग आहेत आणि प्रत्येक भागाला वेगळ्या तारेने हजारो व्होल्टचा पुरवठा करावा लागतो. अशा प्रत्येक तारेला चॅनेल म्हणतात. मावशीला चॅनेल म्हटल्यावर मालिकाच आठवल्या असत्या. त्यापेक्षा टीव्ही काय वाईट होता?

वरच्या मजल्यावर कंट्रोल रूम होती. एसी इतका गार की ताई बारा महिने शाल घेऊन बसे आणि पायांखाली जुन्या प्रिंटरचं खोकं ठेवी. समोर तीन स्क्रीन. त्यांवर चौकोनच चौकोन, एक चौकोन म्हणजे एक चॅनेल. चालू असला की हिरवा, व्होल्टेज चढत-उतरत असलं की पिवळा, काही बिघडून आपोआप ट्रिप झाला की लाल, आणि बंद असला की करडा. प्रत्येक चौकोनात दोन आकडे. किती व्होल्टेज द्यायला सांगितलंय तो एक, आणि प्रत्यक्षात किती पोचलंय तो दुसरा. सांगितलेलं आणि पोचलेलं यात फरक पडतोच, हे ताईला धाकट्या भावाला वाढवताना आधीच कळून चुकलं होतं.

भाऊ तिसरीत होता तेव्हा आई गेली. वडील होते, पण असून नसल्यासारखे. ताईने कॉलेज सोडलं, टायपिंग शिकली, संस्थेत आकडे टाईप करायला लागली. पुढे हे सॉफ्टवेअर आलं तेव्हा दिवसभर चौकोनांकडे बघत बसायला एकही इंजिनिअर तयार होईना. शिकलेल्या माणसाला नुसतं बघत बसायचं म्हणजे कमीपणा वाटतो. ताईला कसला आलाय कमीपणा? तिला खुर्ची मिळाली, ती त्या खुर्चीची झाली. मधल्या काळात तिचं लग्न राहून गेलं. दोन स्थळं आली होती. दोघांनीही "भावाचं काय?" असं विचारलं, आणि दोघांनाही तिने चहा पाजून वाटेला लावलं.

बाई कडक होती. नवीन माणूस कंट्रोल रूममध्ये आला की पहिल्या दिवशी ती त्याला एकच गोष्ट शिकवायची. रंगावर जाऊ नका, आकडा बघा. खरा मोजलेला आकडा कधी स्वस्थ बसत नाही. चॅनेल बंद असला तरी शून्याच्या आसपास शेवटचा अंक जरा तरी थरथरत असतो. तो हलत नसेल तर आकडा शिळा आहे असं समजा, आणि शिळ्या आकड्यावर कुणाला हात घालू देऊ नका. हे सांगताना ती बोट असं उगारायची की समोरचा इंजिनिअर असला तरी मान डोलवायचा. एवढी चांगली शिकवण देणाऱ्या माणसाने ती स्वतः पाळावी अशी आपली उगाच अपेक्षा असते.

भावाला तिनेच खाली यंत्राच्या हॉलमध्ये तंत्रज्ञ म्हणून चिकटवलं होतं. काटक पोरगा. शिडीवर असा सरसर चढायचा की सगळा हॉल त्याला माकड म्हणायचा, आणि त्यालाही ते नाव मिरवायला आवडायचं. तो ताईला ताई म्हणतो म्हणून हळूहळू सगळी संस्था तिला ताई म्हणायला लागली, अगदी साहेबसुद्धा. साहेब म्हणजे त्या यंत्राचे प्रमुख.

हॉलचे लोक आणि कंट्रोल रूमचे लोक यांचं फारसं पटायचं नाही. वरचे उंटावरून शेळ्या हाकतात, असं खालचे म्हणायचे. पण एका बाबतीत खालच्यांचा जीव वरच्यांच्या जिभेवर होता. एखाद्या तारेला हात लावायच्या आधी तंत्रज्ञ वर फोन करून चॅनेलचा नंबर सांगायचा आणि विचारायचा, "बंद?" वरच्याने स्क्रीन बघून सांगायचं, "बंद." झालं, एवढाच संवाद. त्यानंतरही नियम असा की आधी अर्थिंगची काठी लावायची. लांब दांड्याची काठी, टोकाला तांब्याचा हूक, त्याची तार जमिनीत गेलेली. तारेत काही उरलंसुरलं असेल, किंवा वरच्याची चूक झाली असेल, तर झटका काठीतून जमिनीत जातो आणि माणूस वाचतो.

काठी सगळे लावायचे. माकडही लावायचा, पण वर दुसरं कुणी असेल तर. ताई असली की काठी भिंतीला टेकलेलीच. कुणी हटकलं तर म्हणायचा, वर ताई आहे, आता आणखी काठी कशाला? हे ताईच्या कानावर आलं तेव्हा तिने त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला त्या दिवशी घरी पाठवलं असतं. पण आपला तो बाब्या. ती लटकं रागावली, आणि मग ही गोष्ट चहाच्या वेळी ज्याला-त्याला सांगत सुटली. सांगताना तिचा चेहरा असा फुलायचा की ऐकणाऱ्यालाही दटावायचं सुचत नसे. आयुष्यात दुसरं कौतुक तिच्या वाट्याला आलं नव्हतं, हे खरं. म्हणून काय ते असं घ्यायचं?

मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. ती लिहिणाऱ्या पोरसवदा इंजिनिअरला सगळे चष्मेवाला म्हणत. स्क्रीन दिसायला झकास झाला, पण एक दुखणं घेऊन आला. हॉलमधल्या, तारांना व्होल्टेज पुरवणाऱ्या कपाटाशी असलेलं कनेक्शन अधूनमधून क्षणभर तुटायचं. तुटलं की स्क्रीनवर एक छोटी खिडकी उघडायची. कनेक्शन गेलंय, शेवटचे आकडे दाखवतोय, असं त्यात लिहिलेलं असायचं. खाली ओकेचं बटण. बटण दाबेपर्यंत कनेक्शन बहुधा परत आलेलंही असायचं. असं दिवसभर. ताईने तक्रार केली. चष्मेवाला म्हणाला, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो. तोवर सगळे ओके दाबत राहिले. रोज मरे त्याला कोण रडे? काही दिवसांनी तर खिडकी उघडली हे डोळ्यांना कळायच्या आधी हाताला कळायला लागलं.

त्या दुपारी साहेब स्वतः हॉलमध्ये गेले. त्यांना एका चॅनेलबद्दल काही शंका होती. वर सांगून चालू करून घ्यायचं सोडून त्यांनी तो कपाटावरच्या बटणांनी हातानेच चालू केला. तेवढ्यात त्यांना बैठकीचं बोलावणं आलं आणि ते तसेच गेले. बंद केला नाही, कुणाला सांगितलं नाही. साहेब लोकांना विसरायचा हक्क असतो.

चॅनेल चालू व्हायच्या जरा आधीच वर खिडकी उघडली होती. ताईच्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हाताने तिने ओके दाबलं. या खेपेला कनेक्शन परत आलं नाही. तिन्ही स्क्रीन होते तसे थिजले, आणि तो चॅनेल त्यांवर करडाच राहिला. मग फोन वाजला. भावाने नंबर सांगितला आणि विचारलं, "बंद?" ताईने चौकोन बघितला. आकडा बघितला नाही.

"बंद," ती म्हणाली.

कंट्रोल रूममध्ये खालचा आवाज येत नाही. ताईने कप तोंडाला लावला, चहा गार झालाय म्हणून तोंड वाकडं केलं. फोन पुन्हा वाजला तेव्हा पलीकडे दुसराच तंत्रज्ञ होता आणि तो ओरडत होता. फोन हातात धरून ताईने स्क्रीनकडे बघितलं. तिन्ही स्क्रीनवर एकही अंक हलत नव्हता. ती बघत असतानाच कनेक्शन परत आलं, सगळे आकडे थरथरायला लागले, आणि तो करडा चौकोन तिच्या डोळ्यांदेखत हिरवा झाला.

या पुरवठ्यात करंट फार थोडा असतो, त्याने माणूस मरत नाही, असं इंजिनिअर सांगतात. बरोबरच सांगतात. तो मेला नाही. झटक्याने शिडीच्या टोकावरून मागे फेकला गेला आणि खालच्या सिमेंटच्या ओट्याच्या कडेवर पाठीवर पडला. हात शाबूत राहिले, डोकं शाबूत राहिलं. कमरेखालचं गेलं ते गेलंच.

चौकशी बसायच्या आधी साहेबांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं. पाणी दिलं, भावाची चौकशी केली, डॉक्टर ओळखीचे आहेत म्हणाले. मग मुद्द्यावर आले. आपण कपाटाशी गेलो होतो हे त्यांनी स्वतःहून सांगून टाकलं, म्हणजे हॉलमधून ते तिच्या कानावर आलंय हे त्यांना माहीत होतं. तिची आणि त्यांची मान एकाच दोरीत अडकलीय, हेही त्यांनी आडून सुचवलं.

"त्याने काठी लावली नव्हती, हे तर खरं आहे ना?" साहेब म्हणाले. "मग तेवढंच सांगा. खोटं बोला असं मी म्हणतच नाही."

ताई रात्रभर विचार करत बसली नाही. केबिनचं दार ओढून घेतानाच तिचं ठरलं होतं. नोकरी गेली तर भावाचं औषधपाणी कोण बघणार? त्याच्या बायकोने लहान मुलीला घेऊन कुठे जायचं? कारणं अगदी चोख होती. अशा वेळी चोख कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. खरं कारण एवढंच होतं की ज्याला हाताला धरून शाळेत सोडलं, त्याच्यासमोर "मी आकडा बघितला नाही" हे म्हणायची तिची छाती नव्हती.

चौकशीला त्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं. समितीतल्या एकाने विचारलं, हात लावायच्या आधी वर फोन केला होता का?

"नाही," भाऊ म्हणाला. "गडबडीत होतो. राहून गेला."

ताई तिसऱ्या रांगेत बसली होती. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. काठीचं विचारलं, तर तीही लावली नाही म्हणाला. मग समितीने ताईला विचारलं की तुमच्याकडे फोन आला होता का. नरो वा कुंजरो वा म्हणायची तयारी करून आलेली ताई सरळ "नाही" म्हणाली आणि खाली बसली. फोनच आला नव्हता म्हटल्यावर वरच्या स्क्रीनवर काय दिसत होतं याच्याशी कुणाला काय देणंघेणं? सॉफ्टवेअरची नोंद समितीने उघडूनही बघितली नाही. साहेबांचा तर सुंठीवाचून खोकला गेला. चॅनेल कसा काय चालू होता याचं उत्तर "कामासाठी" असं लिहिलं गेलं, आणि समितीने चहा मागवला.

सगळा दोष भावाच्या माथी आला. नोकरी गेली. तेवढ्याने भागलं नाही. हॉलच्या दारावर एक फलक लागला: फोन न करता, काठी न लावता तारेला हात घालणाऱ्याचं काय होतं. नाव नव्हतं, पण न सांगता सगळ्यांना माहीत होतं. नव्या माणसांना पहिल्या दिवशी तो फलक वाचून दाखवायचा असा नियम झाला, आणि पहिल्या दिवसाची शिकवण तर ताईकडेच होती. ती वाचून दाखवायची. एकदा एक नवा मुलगा फलक ऐकून हसला आणि म्हणाला, कसली मूर्ख माणसं असतात ना. ताईने त्याला दटावलं नाही. पुढची ओळ वाचली.

भाऊ खोटं का बोलला, याचा ताईने आपल्यापुरता एक अर्थ लावला होता. यंत्राने ताईला फसवलं, तिची काही चूक नाही, मग तिला कशाला गोवायचं, असं त्याला वाटलं असणार. खिडकीचं, ओकेचं त्याला काही माहीत नाही. या अर्थावर तिला रात्री झोप लागायची.

दर रविवारी ती त्याच्याकडे जायची. जाताना पिशव्या भरभरून न्यायची, घराचा निम्मा भार तर तिनेच उचलला होता. भावजय चहा करायची. पोरगी आत्या-आत्या करत मांडीत शिरायची. भाऊ खिडकीशी बसलेला असायचा. हॉलमधल्या कुणाचं लग्न झालं, कुणाची बदली झाली, असलं काहीबाही विचारायचा. जुनी शिडी बदलली का, असंही एकदा त्याने विचारलं होतं. ताई सगळं सांगायची. वर्षभर असं चाललं.

एका रविवारी ताई पलंगावर बसून त्याच्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. भावजय स्वयंपाकघरात होती. भावाने बाहेर बघता बघताच विचारलं.

"ताई, त्या दिवशी स्क्रीनवर काही आलं होतं का गं? ती खिडकी वगैरे?"

ताईचे हात थांबले नाहीत. एवढं तिला जमलं.

"नाही रे. काही नव्हतं. सगळं नेहमीसारखं दिसत होतं." आणि एवढ्यावर थांबायचं सोडून ती पुढे म्हणाली, "काही आलं असतं तर मी तुला बंद म्हटलं असतं का?"

"बरं," भाऊ म्हणाला.

त्याने चाकं फिरवली, आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. ताईने घड्या पुऱ्या केल्या, शर्ट वर आणि पायजमे खाली असे नीट रचून ठेवले. वेळ निभावली असं तिला वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

ती जिना उतरून फाटकाशी आली तेव्हा मागून भावजय आली. पदराला हात पुसत होती. नणंदेला सोडायला ती कधी खाली येत नसे.

"चष्मेवाले दवाखान्यात आले होते," भावजय म्हणाली. "चौकशीच्या आधी. रडत होते. खिडकी उघडली होती आणि कुणीतरी ओके केली, हे नोंदीत बघून त्यांनी ह्यांना सांगितलं. त्या वेळी वर तुम्हीच होतात."

ताईने विचारलं ते भलतंच. "मग तो फोनचं तसं का बोलला?"

"मी नको म्हणत होते. तर म्हणाले, ताई मला स्वतः सांगेल, तिला थोडा वेळ दे. वर्ष झालं. मीच म्हटलं, आता विचारून तरी बघा." तिने फाटकाची कडी काढली. "आज त्यांनी विचारलं."

रस्त्यावरून एक सायकल गेली. दोघीही ती वळेपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या. ताई म्हणाली, मी वर येते, आत्ताच्या आत्ता सगळं सांगते. भावजयीने मान हलवली. आता नको, म्हणाली, आता सांगून त्यांना नवं काय कळणार? तेव्हा ताई म्हणाली की मग मी इथे पुन्हा तोंड दाखवणार नाही.

"तसं करू नका," भावजय म्हणाली, आणि तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही यायचं सोडलंत तर पोरगी विचारेल, आत्या का येत नाही. मग मला तिच्याशी खोटं बोलावं लागेल. बहीणभाऊ दोघं बोललात तेवढं पुरे झालं. तुम्ही आपल्या येत जा."

म्हणून ताई जाते. चुकवत नाही. भाऊ "ये" म्हणतो, भावजय चहा ठेवते, पोरगी मांडीत शिरते. हॉलचं आता कुणी काही विचारत नाही. खरं सांगायला गेलं तर ते सगळ्यांना माहीत आहे, आणि माफी मागायला गेलं तर भाऊ विषय बदलतो. परवा पोरगी शाळेतून काहीतरी ऐकून आली होती. चहा चालू असताना तिने मध्येच विचारलं, बाबा, तुम्ही कसे पडलात? भावजयीने कपबशी खाली ठेवली. ताईच्या मांडीवर ते पोर होतं, तिला उठूनही जाता येईना. तिने तोंड उघडलं, पण भाऊ तिच्या आधी बोलला.

"मी फोन करायला विसरलो, बाळा," तो म्हणाला. "हवं तर आत्याला विचार."

पोरगीने मान वर करून आत्याकडे बघितलं.